कलामहर्षी बाबूराव पेंटर : करवीरच्या मातीतला चित्रकारखाना

करवीर संस्थानात विसाव्या शतकाच्या प्रारंभी कलेला जे दिवस आले, तसे दिवस फार थोड्या गावांच्या वाट्याला येतात. राजर्षी शाहू छत्रपतींचा आश्रय, अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे, आबालाल रहिमान यांची चित्रे, खासबागेतील कुस्त्यांचे फड आणि नाटक मंडळ्यांचे मुक्काम हे सारे एकाच वेळी या गावात नांदत होते. अशा गावात ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना बाबूराव पेंटर या नावाने ओळखले. मेस्त्री हे कुळाचे नाव मागे पडून पेंटर हे व्यवसायाचे नाव कायमचे चिकटले, यातच त्यांच्या आयुष्याचे अर्धे सार आले.

घराणे कारागिरांचे होते. वडील कृष्णराव हे हाताचे कसबी. लाकूडकाम, कोरीवकाम आणि मूर्तिकाम त्यांच्या घरात नित्याचे होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही. कोणत्याही कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. रंग, माती, लाकूड आणि धातू या चार वस्तूंनीच त्यांना शिकवले. चुलतबंधू आनंदराव मेस्त्री हे त्यांचे सवंगडी, सहाध्यायी आणि पुढे भागीदारही झाले. या दोन भावांचे हात इतके एकजीव झाले होते की एखाद्या पडद्यावरील कोणता भाग कोणाचा, हे सांगणे पाहणाऱ्यास कठीण जाई.

त्या काळी चित्रकाराला पोट भरण्याचे मार्ग दोनच होते. संस्थानिकांची व सरदारांची व्यक्तिचित्रे करणे हा एक. आणि नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे हा दुसरा. मेस्त्री बंधूंनी दुसरा मार्ग मुख्यतः धरला. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी रंगविलेल्या पडद्यांनी मराठी रंगभूमीची दृष्टीच बदलून टाकली. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीपासून गंधर्व नाटक मंडळीपर्यंत त्यांच्या पडद्यांना मागणी येऊ लागली. राजवाडा, उपवन, मंदिर, रस्ता असे ठराविक पडदे लावून कोणतेही नाटक उरकण्याची तोवरची रीत होती. या बंधूंनी पडद्यात खोली आणली. छायाप्रकाशाचा विचार केला. कापडावरचा महाल दूरवर पसरत गेल्यासारखा भासू लागला. आजच्या वाचकाला पडदा रंगविणे हे किरकोळ काम वाटेल. परंतु वीस-पंचवीस फूट रुंद कापडावर, दिव्यांच्या उजेडात कसे दिसेल याचा अंदाज घेत, मर्यादित मुदतीत आणि मंडळीच्या मालकाला परवडेल अशा खर्चात चित्र उभे करणे, ही कला व व्यवहार या दोहोंची परीक्षा होती. पुढील उद्योगाची सारी शिदोरी बाबूरावांना येथेच मिळाली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहून मेस्त्री बंधूंचे मन पडद्यावरून उठले आणि हलत्या चित्राकडे लागले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक चित्रपट दाखविण्याचे यंत्र खरेदी केले. प्रथम त्यावर खेळ दाखवून चार पैसे मिळविले. पण खरा हेतू त्या यंत्राचे अंतरंग समजून घेण्याचा होता. फिल्मची पट्टी भिंगामागे क्षणभर थांबली पाहिजे, पुढच्या क्षणी सरकली पाहिजे आणि ती सरकत असताना प्रकाश झाकला गेला पाहिजे; हलत्या चित्राचे हे मूळ गमक दाखविण्याच्या यंत्रात जसे असते, तसेच टिपण्याच्या यंत्रातही असते. एक यंत्र समजले की दुसरे करता येईल, या विश्वासावर आनंदरावांनी कॅमेरा बनविण्याचे काम आरंभिले. विलायतेहून कॅमेरा मागविण्याइतके द्रव्य गाठी नव्हते, आणि त्यात महायुद्ध सुरू झाले होते.

१९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. कॅमेरा अपुरा राहिला. बाबूरावांवर हा आघात किती मोठा होता, याची कल्पना पुढील दोन वर्षांच्या त्यांच्या कष्टांवरून येते. भावाचे स्वप्न पुरे करावयाचे, या एकाच ध्यासाने त्यांनी हाती कानस घेतली. या कामी त्यांना विष्णुपंत दामले हा शिष्य लाभला. मितभाषी, यंत्रात रमणारा आणि गुरूचा शब्द खाली पडू न देणारा हा तरुण पुढे मराठी चित्रपटाचा एक आधारस्तंभ ठरला. लेथवर एकेक दाते घासून, चुकले की मोडून, पुन्हा घडवून, १९१८ च्या सुमारास या गुरुशिष्यांनी कॅमेरा सिद्ध केला. परक्या देशातून कॅमेरा आणून चित्रपट काढणारे त्या काळी आणखीही काही जण होते. परंतु आधी कॅमेरा घडवून मग चित्रपट काढणारा माणूस कोल्हापुरात निघाला.

कॅमेरा झाला तरी चित्रपट होत नाही. त्याला जागा हवी, माणसे हवीत, कच्ची फिल्म हवी आणि या सर्वांसाठी भांडवल हवे. बँकेने अशा उद्योगाला कर्ज देण्याचा तो काळ नव्हता. तेव्हा पुढे आल्या त्या कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर. त्यांनी आपल्या कमाईतील द्रव्य बाबूरावांच्या हाती दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका कलावतीने स्वकष्टार्जित धन दुसऱ्या कलावंताच्या अपरिचित धंद्यात घालावे, याला मोठी छाती लागते. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या माउलीचे नाव जितक्या ठळकपणे यावयास हवे तितके येत नाही, हे नमूद करणे भाग आहे. शाहू छत्रपतींनीही आपल्या प्रजेतील या कारागिराला मदतीचा हात दिला. राजाश्रय व लोकाश्रय यांचा असा संगम झाला आणि गावचा उद्योग गावच्या बळावर सुरू झाला.

कंपनीची रचना पाहिली की तिचे वेगळेपण ध्यानी येते. हा चित्रकारखाना होता. आणि त्यातील बहुतेक हात कोल्हापूर व पंचक्रोशीतले होते. दामल्यांच्या जोडीला साहेबमामा फत्तेलाल आले. ते उत्तम चित्रकार. बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार यांच्यासारखी भारदस्त शरीरयष्टीची माणसे नट म्हणून मिळाली. तालमींच्या या गावात भीम आणि कीचक शोधण्यास फार दूर जावे लागले नाही! १९२० साली शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण कंपनीत दाखल झाला. त्याचे पितृकुल जैन. हाच तरुण पुढे व्ही. शांताराम या नावाने विख्यात झाला. झाडलोट करण्यापासून भूमिका करण्यापर्यंत आणि रंग कालविण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत जे काम पुढे येईल ते प्रत्येकाने करावयाचे, असा कंपनीचा शिरस्ता होता. सुतार, शिंपी, लोहार, रंगारी यांना त्या आवारात तितकाच मान होता जितका नटाला. स्वतः बाबूराव वेशभूषेची रेखाटने काढीत, दृश्याची चित्रे आधी कागदावर उतरवीत, मूर्ती घडवीत आणि वेळ पडली तर हातोडाही उचलीत.

पहिला चित्रपट ठरला सैरंध्री. त्यात मोठी अडचण स्त्रीभूमिकांची होती. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यापुढे येण्यास स्त्री मिळेना. बाबूरावांनी स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी असा आग्रह धरला. गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी व सुशीलादेवी अशी झाली. त्या धाडसाची किंमत त्यांना द्यावी लागली. स्वतःच्या समाजातूनच त्यांच्यावर बहिष्काराची वेळ आली. नाटकात पुरुषाने लुगडे नेसले तर टाळ्या, आणि स्त्रीने चित्रपटात उभे राहिले तर बहिष्कार, असा तो विपरीत न्याय होता. तरी त्या दोघी मागे हटल्या नाहीत आणि बाबूरावांनी त्यांची पाठराखण सोडली नाही.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात सैरंध्री झळकला. कथा महाभारतातील परिचित. परंतु भीमाने कीचकाचा वध करण्याचा प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब घेतला होता की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, कित्येकांना भोवळ आली असे सांगतात. शिर धडावेगळे होताना पडद्यावर दिसते, ही किमया कशी केली याचे तर्क पुण्यात चालू झाले. सरकारची नजर या प्रसंगाकडे वळली आणि तो भाग गाळावा लागला. चित्रपट तपासणीची मंडळे त्याच वर्षी कामाला लागत होती. नव्या अधिकाऱ्यांना पहिल्याच सुमारास हा अनुभव मिळाला. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांची पाठ थोपटली आणि त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्यांचे निधन झाले. बाबूरावांना पुढे अनेक मानसन्मान मिळाले, पण या पदवीचे मोल त्यांना अखेरपर्यंत सर्वाधिक वाटत असल्यास नवल नाही.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे कंपनीच्या भरभराटीची होती. वत्सलाहरण, दामाजी, सिंहगड, कल्याण खजिना, सती पद्मिनी असे एकाहून एक सरस मूकपट या कारखान्यातून बाहेर पडले. सिंहगड हा १९२३ सालचा चित्रपट हरी नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला. त्यात बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. तोवर चित्रीकरण म्हणजे सूर्यनारायणाच्या कृपेचे काम होते. ढग आले की काम बंद. बाबूरावांनी दिव्यांच्या साहाय्याने अंधार रंगविला. बाळासाहेब यादव तानाजी झाले, तरुण शांताराम शेलारमामा झाले आणि बाबूराव स्वतःही कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. या चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याला करमणूक कराची कल्पना सुचली, असे मानले जाते. तसे असेल तर हा सन्मान कोणत्याही निर्मात्याने आनंदाने स्वीकारला नसता.

नाटकाचे रंगविलेले पडदे हीच ज्यांची पूर्वीची उपजीविका, त्या बाबूरावांनी चित्रपटात मात्र पडदा टाकून दिला, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. कॅमेऱ्याचा डोळा रंगविलेली खोली ओळखतो, हे त्यांना उमगले होते. म्हणून त्यांनी लाकूड, कापड व गिलावा यांचे खरेखुरे, लांबी-रुंदी-उंची असलेले देखावे उभे केले. नटाला त्यांच्यातून फिरता येऊ लागले. जाहिरातीतही त्यांचा चित्रकाराचा हात दिसे. त्या काळी जाहिरात म्हणजे अक्षरांचा कागद. बाबूरावांनी चित्रपटातील प्रसंगांची रंगीत भित्तिचित्रे स्वतः रंगविली आणि चित्रपटाची माहिती देणाऱ्या सचित्र पुस्तिका प्रेक्षकांच्या हाती दिल्या. कल्याण खजिना या चित्रपटाचे भित्तिचित्र भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध जुन्या भित्तिचित्रांत अग्रभागी गणले जाते. पुढे कोल्हापुरात फलक रंगविणाऱ्या चित्रकारांची जी परंपरा निर्माण झाली, तिचे मूळ येथे आहे.

१९२५ साली बाबूरावांनी सावकारी पाश काढला. पुराण आणि इतिहास यांवर कंपनीचा चरितार्थ चालत असता, नारायण हरी आपटे यांची समकालीन कथा त्यांनी निवडली. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला एक तरुण शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच ती कथा. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली आणि सावकाराची झुंझारराव पवार यांनी. त्यात देव नव्हते, चमत्कार नव्हते, लढाया नव्हत्या. काळोखी झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे, असे एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले. मूकपटात कुत्र्याचे विव्हळणे ऐकू येत नाही. तरी ते ऐकल्याचा भास अनेकांना झाला. ज्या भागात सावकाराची वही हीच शेतकऱ्याची कुंडली होती, त्या भागातील कलावंताने हे चित्र काढावे हे स्वाभाविक होते. परंतु ते काढण्यास त्याच्या आधी कोणी धजले नव्हते. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा प्रारंभ अभ्यासक या चित्रपटापासून मानतात. गल्ल्यावर मात्र त्याला यश आले नाही. प्रेक्षकांनी आपलेच दुःख पैसे देऊन पाहण्याचे नाकारले आणि कंपनी पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक कथांकडे वळली. मायाबाजार, गजगौरी, मुरलीवाला, सती सावित्री हे चित्रपट त्यानंतरचे.

येथून पुढची कथा थोडी क्लेशदायक आहे, पण ती टाळून बाबूरावांचे चरित्र पुरे होत नाही. बाबूराव हे जातिवंत कलावंत होते आणि कलावंताचे सारे गुणदोष त्यांच्यात होते. मनाजोगे उतरेपर्यंत ते काम पुढे जाऊ देत नसत. एखाद्या मुकुटाची नक्षी पसंत पडली नाही की दिवस जाई. मनात चित्राची लहर आली की चित्रीकरण थांबे. कलेच्या दृष्टीने हे भूषण होते. परंतु ज्या कारखान्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटत होती, त्याच्या दृष्टीने ते परवडणारे नव्हते. चित्रपटांची संख्या वाढली, इतर संस्थांशी स्पर्धा वाढली, भांडवलदार व भागीदार यांच्या अपेक्षा वाढल्या, आणि हिशेबाच्या वहीत बाबूरावांचे मन कधी रमले नाही. दुसरीकडे शिष्य मोठे झाले होते. दामले आणि फत्तेलाल यांचे हात तयार होते. शांताराम यांनी १९२७ साली नेताजी पालकर दिग्दर्शित करून आपली पात्रता दाखविली होती. ज्यांना सर्व कामे शिकविली, त्यांना स्वतंत्र काम द्यावयास हवे होते. ते पुरेसे मिळाले नाही. दोष कोणाचा याचा निवाडा आज करणे व्यर्थ आहे, तथापि गुरूने थोडा हात सैल सोडला असता तर कदाचित घर फुटले नसते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे कंपनीतून बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी या सराफांचे भांडवल घेऊन त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. चार वर्षांनी प्रभात पुण्यास गेली आणि तिच्या संत तुकाराम या चित्रपटाने १९३७ साली व्हेनिस येथे मान मिळविला. तो चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. लेथवर कॅमेऱ्याचे दाते घासणारा शिष्य तेथवर पोहोचला होता. शिष्य गेल्यावर बाबूरावांनी बाजीप्रभू देशपांडे, लंका असे चित्रपट काढून कंपनी चालविण्याचा प्रयत्न केला. पण बोलपटाचे युग दाराशी आले होते. ध्वनियंत्रणेसाठी नव्याने मोठे भांडवल लागणार होते आणि ते उभे करण्याची उमेद भागीदारांत उरली नव्हती. १९३०-३१ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीची दारे बंद झाली.

कंपनी मिटली तरी गावातील कसब मिटले नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाखाली कोल्हापूर सिनेटोन निघाली; राजर्षींच्या कन्या अक्कासाहेब महाराज यांनी शालिनी सिनेटोन उभी केली. नंतर भालजी पेंढारकर यांनी जयप्रभा स्टुडिओतून कित्येक वर्षे चित्रपट दिले. या साऱ्या ठिकाणी सुतारापासून छायाचित्रकारापर्यंत जे हात काम करीत होते, त्यांतील कितीतरी बाबूरावांच्या आवारात तयार झाले होते. बाबूरावांनी स्वतः शालिनी सिनेटोनसाठी उषा, सावकारी पाश आणि प्रतिभा हे बोलपट केले. सावकारी पाश त्यांनी १९३६ साली आवाजासह पुन्हा काढला. एकदा अपयश आलेल्या विषयाला दुसऱ्यांदा हात घालावा, यावरून त्या कथेवर त्यांचा किती जीव होता ते दिसते.

तथापि बोलपटात त्यांचे मन पूर्वीसारखे लागले नाही. ते पुन्हा कुंचला, माती आणि धातू यांकडे वळले. तैलरंगातील देवतांची चित्रे व व्यक्तिचित्रे यांबरोबर पुतळे घडविण्याचे काम त्यांनी मनापासून केले. ओतकामाची भट्टीही त्यांनी स्वतःच उभी केली. जो माणूस कॅमेरा विकत घेत नाही, तो ओतकाम तरी दुसऱ्यावर का सोपवील? कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्या हातचा. भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने तो उभा राहिला, आणि एरवी मुकुटाच्या नक्षीसाठी दिवस घालविणाऱ्या बाबूरावांनी तो अवघ्या काही दिवसांत पुरा केला.

१९४७ साली राजकमल कलामंदिराच्या लोकशाहीर रामजोशी या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांच्याकडे आले. राजकमल ही व्ही. शांताराम यांची संस्था. अठरा वर्षांपूर्वी दुरावलेले गुरुशिष्य असे पुन्हा एका चित्रपटात एकत्र आले. काम चालू असता बाबूरावांची प्रकृती बिघडली आणि उरलेला भाग शांताराम यांनी पुरा केला. दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे लागली. त्यानंतर विश्वामित्र हा चित्रपट त्यांनी १९५२ साली केला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मूकपटांच्या प्रती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. त्या वेळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेणारी आणि न जळली तरी कुजणारी. सैरंध्री, सिंहगड किंवा पहिला सावकारी पाश आज कोणास पाहता येत नाही. मुरलीवाला व सती सावित्री यांचे त्रोटक अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहेत. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचे शिल्प उभारण्यात आले असून, तेथून मंगळवार पेठेकडे जाणारी वर्दळ दिवसभर त्याच्या पायथ्याशी चालू असते.